पिवळीनंतर हिरवी

दसरा होऊन सहा दिवस झाले तरी पाऊस घरी जायचं नाव घेत नव्हता. दुपारपर्यंत अंग भाजून काढणारं ऊन, चारच्या सुमाराला चाकणच्या बाजूनं आभाळ काळं, आणि मग तासभर असा मार की रस्त्यावरचे कंटेनर आहेत तिथंच उभे राहायचे. अशा दिवसांत कुरुळीतल्या दत्तोबाच्या दुकानात पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची. विहिरीवरच्या मोटरा, पाणबुडे पंप, गिरणीची मोटर, सगळं जळून त्याच्या दारात यायचं. दत्तोबा मोटरीला नाक लावायचा आणि सांगायचा, हिचा एक फेज गेला, ही कोरडी चालली, हिच्यात उंदीर शिरला. त्याचं नाक खोटं पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि कुणाला आठवलं असतं तरी दत्तोबानं ते कबूल केलं नसतं.

आता विहिरींच्या जागी गोदामं उभी राहिली. रिवाइंडिंगला शेवटचा पंप आला तो जूनमध्ये. दुकानाचं शटर रोज वर जात होतं ते सुजितच्या नऊ स्कूटरींमुळं. सुजितची भोसरीला एजन्सी होती. विजेवर चालणाऱ्या स्कूटरी तो रायडरांना भाड्यानं द्यायचा आणि चाकणच्या बाजूला चालणाऱ्या नऊ गाड्या दुरुस्तीला दत्तोबाकडं पाठवायचा. या स्कूटरींची मोटर मागच्या चाकातच बसवलेली असते. बिघडली तरी तिला वास येत नाही, ही दत्तोबाची मोठी तक्रार होती. पण एकसष्टाव्या वर्षी माणसानं पारावर जाऊन बसण्यापेक्षा बिनवासाच्या मोटरी बऱ्या, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. पाराची त्याला खरोखर भीती वाटायची. तिथं बसणारे त्याच्याच वयाचे होते आणि त्यांना दिवसभर कुणी काही विचारत नसे.

सोमवारी सकाळी दीक्षा स्कूटर ढकलत आली. फाट्यापासून दुकान चांगलं पाऊण किलोमीटर, तेही चढाचं. ती भोसरीची. चाकणमधल्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि बर्फाच्या डब्यातून भोसरीच्या लॅबमध्ये पोचवायचे, हे तिचं काम. घामानं तिचं जाकीट पाठीला चिकटलं होतं.

"काका, सुरू होताना थरथर करते. चार दिवस पायानं रेटा दिला की चालायची. आज तेवढंही करीना."

"बस जरा. पानी पी," दत्तोबा म्हणाला आणि गाडी मधल्या स्टँडवर चढवून मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. गुडघे कटकन वाजले. चाकाच्या आसातून जिथं वायर बाहेर येते तिथं त्यानं बोट घातलं आणि एकदम हसला. आसाला नायलॉनचा दोरा करकचून गुंडाळला होता. त्यात झेंडूच्या दोन वाळक्या पाकळ्या अजून अडकलेल्या होत्या.

"ह्यो बघ तुमचा देव. मोटरीला हार घालाय कुनी सांगितलं व्हतं?"

"ऑफिसात खंडेनवमीला सगळ्या गाड्यांची पूजा केली. हँडलला हार, मोटरीलाही हार. मी नव्हते त्या दिवशी, आमच्या विहारात कार्यक्रमाची तयारी होती. गाडी हातात आली तेव्हा फुलं झडून गेलेली."

दत्तोबानं दोरा कापून काढला. चाकाबरोबर फिरून फिरून दोरा वायरीत रुतला होता आणि आतल्या पाच बारीक वायरींपैकी दोन तुटल्या होत्या. मोटर फिरवणाऱ्या तीन जाड वायरी वेगळ्या, त्या शाबूत होत्या. बारीक पाचांतल्या दोन थोडी वीज आत नेतात. उरलेल्या तीन, म्हणजे पिवळी, हिरवी आणि निळी, आतल्या तीन हॉल सेन्सरचा निरोप बाहेर आणतात. सेन्सर म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे काळे तुकडे. चाक या क्षणाला कुठं आलंय एवढंच ते सांगतात, आणि त्यावर सीटखालचा कंट्रोलर मोटरीला पुढचा झटका देतो. निरोप आला नाही तर मोटर आंधळी होते आणि जागेवर थरथरते. तुटल्या होत्या त्या हिरवी आणि निळी.

त्यानं सुजितला फोन लावला. "दोरा अडकला व्हता तुमच्या पूजेचा. दोन वायरी तुटल्यात. दुपारी गाडी देतो."

दोन वायरी जोडायच्या म्हणजे दत्तोबाला तंबाखू मळण्याइतकं सोपं. चारही टोकं त्यानं सोलली, पिळली, सोल्डर मारलं, वर काळी स्लीव्ह चढवून काडीच्या आचेवर आवळली. चावी फिरवून थ्रॉटल दिला. चाक गुरगुरलं, एकदा पुढं एकदा मागं असा हिसका मारला आणि थांबलं.

त्यानं परत दिला. परत तेच.

"सेन्सर गेला," तो दीक्षाला म्हणाला. "मोटर खोलाया लागंल. उद्या ये."

दीक्षानं घड्याळ बघितलं, डबा छातीशी धरला आणि शेअर रिक्षा गाठायला उतारानं निघाली.

मंगळवारी त्यानं मोटर खोलली. या मोटरीत आत चुंबकांचं कडं असतं आणि त्याची ओढ अशी की दोन गडी लागावेत. कडं ओढून काढायचा पुलर लावून दत्तोबा एकटाच भिडला. सून चहा घेऊन आली तेव्हा तो घामानं निथळत होता.

वर्षाली ही त्याची सून, राजगुरुनगरची. चाकणला विजेच्या मोटरी बनवणाऱ्या एका कंपनीत तिनं कंत्राटावर सहा वर्षं काढली होती. कंत्राट संपून सात महिने झाले होते. नवरा समाधान एका कारखान्यात प्रेस शॉपला, शिफ्टमध्ये. घरची कामं उरकली की ती काहीतरी निमित्त काढून दुकानात यायची, कधी चहा, कधी झाडू, आणि जाताना चार पावलं उगाच सावकाश टाकायची. दत्तोबाला ते दिसत होतं. त्याला ते आवडत नव्हतं, आणि का आवडत नाही हे त्यानं कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"मामा, मी कडं धरू का? आमच्या लाईनवर हेच होतं. एकानं धरायचं अन् एकानं..."

"च्या ठिव तिथं."

"नाही, म्हंजे अंगठा सांभाळा. ते एकदम खेचतं."

"चाळीस वरसं मोटरी खोलतुया मी. तुमी लायनीवर काय करत व्हता त्ये मला नगं सांगू."

ती कप ठेवून गेली. कडं बसवायच्या वेळेला त्यानं खरोखरच खेचलं आणि दत्तोबाचा अंगठा मध्ये सापडला. तोंडातून आवाज निघाला तो त्यानं खोकल्यात मिसळला. नखाखाली रक्त साकळलं. वर्षाली दारामागून बघत होती की नाही हे त्याला कळलं नाही, पण तिनं बघितलं असणार असं धरून तो दिवसभर तिच्यावर चिडलेला राहिला.

तीन जुने सेन्सर काढून त्यानं भोसरीहून मागवलेले तीन नवे बसवले. ते एका छोट्या पट्टीवर ओळीनं बसतात, त्यामुळं वायरींना हात लावायची गरज पडली नाही. वर गोंद लावून मोटर सुकायला ठेवली. बुधवारी सकाळी सगळं जोडून, देवाचं नाव घेऊन, त्यानं थ्रॉटल दिला. गुरगुर, हिसका, शांत.

मग त्यानं मीटर घेतला. चाक हातानं हळूहळू फिरवत एकेका वायरीला मीटरची पिन लावून बघितलं. मीटरवर शून्य, मग पाच व्होल्ट, मग शून्य. पिवळीवर तसंच, दुसरीवर तसंच, तिसरीवर तसंच. तिन्ही सेन्सर जिवंत. जोड पक्के. वीज पोचतेय. मीटर म्हणतो सगळं ठीक, आणि मोटर म्हणते मी हलणार नाही. दत्तोबाचा मीटरवर नाकाखालोखाल विश्वास होता. तो चाकापाशी बसून राहिला आणि त्याला मनातून चक्क रडू यायला लागलं. चाळीस वर्षांत मोटरीनं त्याला असं कधी वेडावलं नव्हतं.

उरला कंट्रोलर. पण त्यावर एजन्सीचं सील होतं आणि ते तोडायची परवानगी नव्हती. अकराला सुजितचा फोन आला.

"काका, सोमवारी दुपारी देतो म्हणालात, आज बुधवार. नवे सेन्सर पण घातले ना?"

"घातलं की. मोटर ओके हाय. कंट्रोलरमदी गडबड हाय."

"कंट्रोलर असा कसा जाईल? सहा महिन्यांची गाडी."

दत्तोबानं रस्त्याकडं बघितलं. खड्ड्यात कालचं पाणी साचलं होतं.

"पानी शिरलं आसंल," तो म्हणाला.

"म्हणजे रायडरनं पाण्यात घातली."

"आता... तसंच म्हनायचं."

किती सोपं होतं. बोलून झालं तसं त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि भूकही लागली. सुजितनं पलीकडून सांगितलं की पाण्यात गाडी घालणाऱ्या रायडरचा आयडी बंद करायचा असा नियमच आहे, उद्या चारला येऊन रिपोर्ट भरतो. दत्तोबा "बरं" म्हणाला.

दुपारी दीक्षा आली ती थेट दुकानात शिरली. डबा तिनं पायाशी ठेवला.

"काका, तुम्ही सांगितलं पाणी म्हणून?"

"मी म्हनलं, आसंल."

"मी एकदाही पाण्यात घातली नाही. पुलाखाली पाणी असलं की उतरून फुटपाथवरनं ढकलत नेते. लोक हसतात मला. तीन दिवस हा डबा मांडीवर घेऊन रिक्षानं फिरतेय मी, शेजारची बाई विचारते यात काय आहे, रक्त म्हटलं की सरकून बसते. तेही चाललं. पण आयडी बंद झाला तर दुसरी एजन्सी घेत नाही हो. नाव सगळीकडं जातं."

"मोटर काय सांगती त्येच मी सांगनार ना, बाय."

"मोटर सांगतेय का तुम्ही सांगताय?"

ती गेल्यावर तो प्रश्न बराच वेळ दुकानात राहिला. दत्तोबानं त्याला बाहेर काढायचा प्रयत्न केला. दुसरी एक स्कूटर उभी होती, तीही हिसके देतच आलेली; तिची मोटर सोडून ब्रेकचं काम काढलं, पाने पुसून ओळीनं लावले. रात्री जेवताना बायको, रुक्मिणीबाई, म्हणाली की आज भाकरी तशीच ठेवली ताटात. त्यानं ऊन बाधल्याचं सांगितलं.

गुरुवारी दुपारी जेवून तो दुकानातच पोत्यावर आडवा झाला. डोळा लागला न लागला तोच टक टक असा आवाज आला. वर्षाली मागच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. चावी फिरवलेली, मीटर हातात. चाक बोटभर पुढं करायची, तिन्ही वायरींवर मीटर लावायची, फरशीवर खडूनं खुणा करायची, पुन्हा चाक बोटभर पुढं. पदर कमरेला खोचलेला. तिचे हात न अडखळता चालले होते आणि दत्तोबा क्षणभर रागवायचं विसरून त्या हातांकडंच बघत राहिला.

"काय करतीस गं?"

ती दचकली, पण उठली नाही.

"मामा, मीटर तिन्हीवर बरोबर दाखवतोय."

"मग मी कालपासनं काय सांगतुया?"

"पण नंबर चुकतोय. आमच्या लाईनवर शेवटाला टेस्टरवर तीन दिवे असायचे. चाक पुढं फिरलं की आधी पिवळा लागायचा, मग हिरवा, मग निळा. सहा वर्षं तेच बघितलंय मी. इथं पिवळीनंतर निळी येतीय." तिनं खडूच्या खुणांवर बोट ठेवलं. "म्हणून जोड बघितला. हे बघा, इकडनं हिरवी आत गेलीय अन् तिकडनं निळी निघालीय. दुसरीत उलटं."

"नंबरानं काय हुतंय? मोटर उलटी फिरंल फार तर. दोन वायरी पलटल्या की सरळ."

चाळीस वर्षं तो हेच करत आला होता. पंपाला तीन वायरी. तिन्ही काळ्या असल्या तरी बिघडत नाही. पंप उलटा फिरला की कुठल्याही दोन वायरी बदलायच्या, पाणी येतं. रंग बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

"हिला चालत नाही तसं, मामा. वीज नेणाऱ्या जाड वायरी जागेवर अन् निरोप उलटा आला तर कंट्रोलर चुकीच्या वेळी झटका देतो. म्हणून हिसके मारतीय."

दत्तोबा उठला. गाडी त्यानं ढकलत दारात उन्हात आणली आणि वायर डोळ्यांजवळ धरली. काळ्या स्लीव्हच्या या बाजूला एक वायर, त्या बाजूला एक वायर. शेजारी दुसरी जोडी. त्यानं डोळे बारीक केले, सदऱ्याच्या टोकानं पुसले, परत बघितलं. चारही वायरी त्याला एकाच रंगाच्या दिसत होत्या, गढूळ, शेवाळल्यासारख्या. उन्हात सगळं दिसायला हवं होतं आणि उन्हातही ते तसंच होतं.

गेल्या दिवाळीच्या साड्या घेताना त्यानं दुकानात एका साडीला निळी म्हटलं होतं आणि रुक्मिणीबाई हसली होती. बाजारात भेंडी जून का कोवळी हे तो हल्ली बोटानं मोडून बघायचा. ट्यूब बदलली तरी दुकानात अंधार कसा, म्हणून त्यानं वायरमनला शिव्या दिल्या होत्या. एकेक गोष्ट आठवत गेली.

"ह्यातली..." तो म्हणाला आणि थांबला.

वर्षाली त्याच्याकडं बघत होती. तिला कळलं. तिनं मान खाली घातली आणि घाईघाईनं, खालच्या आवाजात म्हणाली, "मामा, पाच मिनिटांचं काम आहे. मी बदलून टाकते. सुजितभाऊंना सांगू की वाळली अन् चालू झाली. कुणाला काही कळायचं नाही."

त्याला तिचा राग यायला हवा होता. त्याऐवजी इतकं हायसं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. "कर," तो म्हणाला.

तिनं दोन्ही जोड कापले, हिरवीला हिरवी, निळीला निळी लावली. थ्रॉटल दिला तसं चाक अजिबात आवाज न करता फिरायला लागलं, नुसती हवा हलल्याचं जाणवलं. वर्षालीच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि सासऱ्याकडं बघून तिनं ते लगेच आवरलं.

चारला सुजित आला. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर दीक्षा होती, खांद्याला डबा, एजन्सीचं जाकीट घडी करून मांडीवर. ते परत करायला आणलं होतं. आभाळ भरून आलं होतं आणि हवेत घामट उकाडा होता.

"झाली चालू?" सुजितनं थ्रॉटल पिळून बघितला. "मस्त. म्हणजे पाणी वाळलं. कंट्रोलर वाचला, नशीब." त्यानं मोबाइल काढला. "काका, रिपोर्ट भरतोय. पाणीच ना नक्की?"

दीक्षा रडली असती, भांडली असती, तरी दत्तोबाला सोपं गेलं असतं. ती जाकिटाची घडी पुन्हा सारखी करत उभी होती.

"दोरा व्हता," दत्तोबा म्हणाला. "तुमच्या पूजेचा दोरा. त्येनंच सगळं झालं. पोरीची काय चूक न्हाई."

"दोरा तुम्ही सोमवारीच काढला, काका. फोन केला होता तुम्ही. दोन वायरी जोडतो, दुपारी देतो म्हणालात. मग तीन दिवस का नाही चालली? नवे सेन्सर घालूनसुद्धा?" सुजित वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त फॉर्मातला एक रकाना भरायचा होता. "त्यानंतर तुम्हीच म्हणालात पाणी. आता एक काय ते सांगा ना राव, मला पुढं उत्तर द्यावं लागतं."

वर्षालीनं तोंड उघडलं. ती काय म्हणणार होती ते दत्तोबाला कळलं. ती म्हणणार होती की चूक माझी, मी हात घातला होता. त्यानं हातानंच तिला गप्प केलं.

"पानी न्हाई," तो म्हणाला. "वायरी मी उलट्या जोडल्या. हिरवीला निळी."

"तुम्ही?"

"मला निळं-हिरवं कळंना झालंय. दोनी एकच दिसत्यात." आता थांबता येत नव्हतं. "आजच कळलं मला. आन् काल फोनवर पानी म्हनलो त्ये उगंच म्हनलो. मला जमंना म्हून म्हनलो."

सुजितनं मोबाइल खाली घेतला. रस्त्यावरनं कंपनीची बस गेली, खिडकीतल्या दोघातिघांनी उगाच दुकानाकडं बघितलं.

"काका, कालपासून मला घरीदारी बोलणी बसताहेत," दीक्षा म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तो रागानं कापत होता. "माझे वडील जन्मभर कंपनीत फिटर होते. ते मला म्हणाले, मिस्त्री खोटं कशाला बोलेल, तूच घातली असशील. माझ्या वडिलांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, तुमच्यावर ठेवला."

"चुकलं माझं, बाय," दत्तोबा म्हणाला. वयानं निम्म्या बाईसमोर त्यानं हात जोडले.

तिनं मान हलवली, पण माफ केलं असंही ती म्हणाली नाही. जाकीट झटकून अंगात घातलं, डबा पायापाशी ठेवला, चावी फिरवली आणि आवाज न करता गाडी रस्त्याला लागली. सुजितनं तिला थांबवलं नाही. मोबाइलवर काहीतरी पुसून त्यानं नवीन लिहिलं.

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. मग दुकानातल्या दुसऱ्या स्कूटरकडं वळला. "पण काका, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या नऊ गाड्या रस्त्यावर पळतात, त्यांवर माणसं असतात. आता तुमच्याकडं मी कशा ठेवू? ही पण मी मोशीच्या गॅरेजला नेतो. हिचीही मोटर हिसके देतेय ना?"

"व्हय."

"मग नेतोच."

हेच होणार होतं. बोलायच्या आधीच त्याला ते ठाऊक होतं. शटर, बाक, पुलर, चाळीस वर्षांचा वार्निशचा वास, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं एकदाच आलं आणि पारावरची ती रिकामी जागाही आली. वर्षाली शटरच्या खांबाला धरून उभी होती. तिनं एका शब्दानंही मध्यस्थी केली नाही. सात महिने ती दुकानातल्या ज्या कामाची वाट बघत होती ते मागायची हीच वेळ होती, आणि सासऱ्याच्या पडत्या क्षणी ते मागणं तिला जमणारं नव्हतं. दत्तोबाला हे कळलं, आणि आपण तिला एवढे दिवस नुसता चहा ठेवायला लावला याची त्याला मनापासून खंत वाटली.

"पाच मिन्टं थांबता?" तो म्हणाला.

"पाऊस येईल, काका."

"यिऊ द्या की. आत उभं ऱ्हावा."

त्यानं दुसऱ्या स्कूटरपाशी बसकण मारली. हिच्याही आसाला दोरा होता. तो कापून त्यानं वायर सोडवली, वरचं आवरण उभं चिरलं आणि आतल्या बारीक वायरींची तुटकी टोकं तळहातावर पसरली. सुजित वाकून बघत होता. गावातले दोघे पावसाच्या आडोशाला शटरखाली येऊन थांबले होते, तेही बघत होते. दत्तोबानं त्यांना बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"वर्षाली, ह्यातली हिरवी कंची?"

ती खांब सोडून आली, त्याच्यासमोर बसली आणि एका वायरीवर बोट ठेवलं.

"ही, मामा."

त्यानं ती चिमटीत धरली. तिनं दुसऱ्या बाजूची हिरवी शोधून टोकाला टोक लावलं. सोल्डर वितळून थंड होईपर्यंत त्यानं हात जराही हलू दिला नाही.

"आता निळी," ती म्हणाली, आणि ती त्याच्या बोटांत देऊन वाट बघत राहिली.